लेक फोर्कचा बास: कोणत्या ऋतूत कुठे, आणि का

डॅलसच्या मराठी मंडळींत मासेमारीचा विषय निघाला की एक प्रश्न हमखास येतो, “लेक फोर्कला जायचं तर महिना कोणता चांगला?” मी उलट विचारतो, “पाणी किती अंशांवर आहे?” समोरच्याला वाटतं, हा उत्तर टाळतोय. पण खरं उत्तर तिथेच आहे. एखाद्या वर्षी मार्चच्या पहिल्या आठवड्यात काठाच्या पाण्यात हात घालवत नाही, आणि पुढच्या वर्षी त्याच तारखेला बासची मादी अंडी घालायच्या तयारीने काठाला आलेली असते. बासला तारीख कळत नाही, पाणी कळतं. म्हणून माझ्या पेटीत सगळ्यात वर तापमापी असते, गळ त्याच्या खाली.

इथे सगळे फॅरनहाइटमध्ये बोलतात, म्हणून आकडे तसेच देतो आणि कंसात सेल्सिअस.

आधी मासा नीट ओळखून घेऊ. कोकणातल्या जिताड्याला हॉटेलच्या मेनूवर एशियन सी बास म्हणतात, त्यामुळे ‘बास’ म्हटलं की आपल्या लोकांना तोच आठवतो. इथला लार्जमाउथ बास निराळा. तो गोड्या पाण्यातला, उत्तर अमेरिकेतल्या सनफिश कुळातला. पाठ हिरवट, अंगाच्या मधून काळपट तुटक पट्टा, आणि जबडा एवढा लांब की तोंड मिटलेलं असतानाही त्याचं टोक डोळ्याच्या मागे जातं. स्वभावाने त्याच्या जवळचा आपला मासा म्हणजे मरळ. दोन्ही आडोशाला दबा धरून बसणारे, समोरून काही गेलं की एका झेपेत गिळणारे, आणि दोन्ही आपल्या पिल्लांची राखण करणारे. मी भिगवणजवळ उजनीच्या फुगवट्याच्या काठी वाढलो. मरळ कुठे बसते हे ज्याला कळतं, त्याला बास निम्मा कळलेला असतो.

आता तलाव. लेक फोर्क डॅलसच्या पूर्वेला साधारण ११० किलोमीटरवर आहे. साबाइन नदीला मिळणाऱ्या लेक फोर्क क्रीक या ओढ्यावर साबाइन रिव्हर ऑथॉरिटीने धरण बांधलं आणि १९८० मध्ये पाणी अडवायला सुरुवात झाली. आपलं उजनी धरणही १९८० मध्येच पुरं झालं, त्यामुळे मला ही दोन पाणी जुळी वाटतात. लेक फोर्कचं क्षेत्र सुमारे २७ हजार एकर. तलाव भरायच्या सुमारासच टेक्सस पार्क्स अँड वाइल्डलाइफ या राज्याच्या खात्याने त्यात फ्लोरिडा जातीच्या बासची बोटुकली सोडली. ही जात इतर बासपेक्षा मोठी होते. शिवाय बऱ्याच भागातली झाडं न तोडता उभीच बुडू दिली, त्यामुळे नव्या माशांना पहिल्या दिवसापासून घर मिळालं.

उन्हाळ्यात उजनी आटली की पळसदेवचं जुनं देऊळ पाण्याबाहेर येतं, आणि मग कळतं की या पाण्याखाली अख्खा मुलूख आहे. लेक फोर्क एवढं आटत नाही, पण त्याच्या तळाशीही जुने रस्ते, छोटे पूल, शेततळ्यांचे बांध आणि ओढ्यांची पात्रं जशीच्या तशी पडली आहेत. धरणाच्या तलावातला बास या बुडालेल्या मुलखातच वावरतो. नकाशा उघडला की मी तीन गोष्टी शोधतो. पहिली सोंड, म्हणजे डोंगराला असते तशी काठावरून पाण्यात उतरत गेलेली जमीन. दुसरी जुन्या ओढ्याचं पात्र, त्यातही त्याची वळणं. तिसरी काठात आत घुसलेले उथळ फाटे, ज्यांना इथले लोक कोव्ह म्हणतात. वर्षभर बास या तिघांमध्येच ये-जा करतो: हिवाळ्यात पात्रात, वसंतात फाट्याच्या टोकाला, उन्हाळ्यात सोंडेवर, आणि पानगळीत पुन्हा फाट्यात. का, ते समजायला थोडं पाणी समजून घ्यावं लागतं.

बादलीतलं विसण

न्हाणीघरातली बादली आठवा. कडकडीत पाण्यात गार पाण्याचं विसण घातलं आणि हाताने ढवळलं नाही, तर वरचा तांब्या चटका देतो आणि तळाशी कोमट पाणी राहतं. गार पाणी जड म्हणून खाली जातं, ऊन पाणी हलकं म्हणून वर राहतं. तलावाचंही तसंच. उन्हाळाभर सूर्य वरचं पाणी तापवत राहतो, ते हलकं होऊन वरच तरंगतं आणि खालचं गार पाणी खालीच कोंडून राहतं. दोघांच्या मध्ये एक पातळ थर असतो, जिथे काही फुटांत पाणी एकदम गार होतं. त्याला थर्मोक्लाइन म्हणतात. लेक फोर्कवर भर उन्हाळ्यात तो वीस-पंचवीस फुटांच्या आसपास असतो, आणि बोटीवरच्या सोनारच्या, म्हणजे ध्वनिलहरींनी पाण्याखालचं दाखवणाऱ्या यंत्राच्या, पडद्यावर धुरकट पट्ट्यासारखा स्पष्ट दिसतो.

खालचं पाणी गार आहे, मग उन्हाळ्यात मासा तिथे जाऊन का बसत नाही? मलाही सुरुवातीला असंच वाटायचं, आणि पहिल्या जुलैत मी चाळीस फुटांवर गळ सोडून दिवसच्या दिवस घालवले. खालच्या पाण्याचा वाऱ्याशी संबंध तुटलेला असतो. वरून गळून पडलेली पानं, शेवाळ, मेलेलं सगळं तळाशी कुजतं आणि कुजताना तिथला प्राणवायू संपवतं. नवा प्राणवायू यायला वाट नसते. म्हणजे ती गार खोली आहे खरी, पण तिच्यात श्वास घेता येत नाही. उन्हाळ्यात बासला वरच्या गरम पाण्याचा त्रास होतो आणि खालच्या पाण्यात जीव गुदमरतो, म्हणून तो थर्मोक्लाइनच्या जरा वर, मधल्या मजल्यावर राहतो. सोनारवर पट्टा वीस फुटांवर दिसला, तर त्याच्या खाली टाकलेला प्रत्येक गळ वाया गेला म्हणून समजा.

पाणी सर्वांत जड असतं ते ४ अंश सेल्सिअसला. त्याहून गार झालं की पुन्हा हलकं होतं, म्हणून बर्फ वर धरतो. टेक्ससमध्ये ती वेळ क्वचित येते. मिनेसोटातल्या बासला मात्र अख्खा हिवाळा बर्फाखाली काढावा लागतो. म्हणून तिकडच्या माणसाने लिहिलेलं वेळापत्रक इकडे आणि इकडचं तिकडे चालत नाही. तापमान मात्र दोन्हीकडे चालतं.

तापमान, प्राणवायू आणि तिसरी गोष्ट शॅड. शॅड हा चंदेरी छोटा मासा थव्याने फिरतो आणि बासचं मुख्य खाणं आहे. शॅड जातील तिकडे बास जातो. पहिल्या दोन गोष्टींनी बास कुठे राहू शकतो ते ठरतं, आणि तेवढ्यात तो नेमका कुठे असेल ते शॅड ठरवतात.

थंडी सरताना

बास थंड रक्ताचा. पाणी ४५ (७) पर्यंत उतरलं की त्याचं सगळं शरीरच संथ चालतं. एकदा पोटभर खाल्लं की पचायला कितीतरी दिवस लागतात, म्हणून तो उगाच हलत नाही. जानेवारीत तो ओढ्याच्या जुन्या पात्राच्या वळणावर, खोल पाण्याला लागून असलेल्या कड्यापाशी थांबतो. तिथून दोन शेपट्या मारल्या की वर आणि दोन मारल्या की खाली, एवढ्याच हालचालीत त्याला हवी ती खोली मिळते. या दिवसांत आमिष जितकं हळू चालवाल तितकं चांगलं. तळावर ठेवा, दहा आकडे मोजा, वीतभर सरकवा, पुन्हा मोजा. हात गारठतात आणि धीर सुटतो, पण इथे धीरालाच मासा लागतो. टेक्ससचा आजवरचा सर्वांत मोठा बास लेक फोर्कवरच भर जानेवारीत मिळाला: २४ जानेवारी १९९२, वजन १८.१८ पौंड, म्हणजे सव्वाआठ किलो. बॅरी सेंट क्लेअर त्या दिवशी बाससाठी गेलेही नव्हते. ते क्रॅपी नावाच्या लहान माशासाठी जिवंत चिमुकला मासा गळाला लावून बसले होते. मोठी मादी थंडीतही खाते. फक्त घास अगदी तोंडासमोर आणि संथ हवा.

मग फेब्रुवारीत कधीतरी सलग तीन-चार दिवस दक्षिणेचा वारा वाहतो आणि पाणी ५० (१०) ओलांडून ५५ (१३) कडे चालू लागतं. माझ्या दृष्टीने वर्षातला सगळ्यात महत्त्वाचा आठवडा हाच. अख्खा तलाव एकदम तापत नाही. उत्तरेकडच्या काठाचे उथळ फाटे आधी तापतात, कारण त्यांच्यावर दक्षिणेकडून ऊन थेट पडतं आणि उत्तरेच्या बोचऱ्या वाऱ्यापासून काठ आडोसा देतो. एकाच दुपारी मी मुख्य पाण्यात ४९ आणि अशा फाट्याच्या टोकाला ५६ मोजलं आहे. माद्या पोटात अंडी घेऊन खोल पात्रातून निघतात आणि सोंडेसोंडेने मुक्काम करत या फाट्यांकडे येतात. अंड्यांसाठी त्यांना खाणं लागतं, म्हणून त्या भुकेल्या असतात. वर्षातलं सर्वाधिक वजनही त्यांच्या अंगावर याच दिवसांत असतं.

इथे एक जुना रिवाज आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये लाल रंगाचं आमिष. चपटा नकली मासा, पोटात छर्रे भरलेले, ओढला की खडखडतो. पाण्याखाली हायड्रिला नावाचं शेवाळासारखं गवत असतं, त्याच्या शेंड्यांवरून हा ओढायचा, गवतात अडकू द्यायचा आणि झटक्याने सोडवायचा. क्रॉफिश हा झिंग्यासारखा प्राणी याच सुमारास तळातून बाहेर निघतो आणि लाल रंग त्याची आठवण करून देतो, असं इथले जुने मासेमार सांगतात. कारण तेच असो वा नसो, सुटण्याच्या त्या झटक्यालाच मासा लागतो हे मी कितीदा तरी अनुभवलं आहे. गवत तुटल्याचा हलका धक्का हाताला येतो, आणि लगेच दुसरा धक्का, जो सुटत नाही.

याच दिवसांत नॉर्दर येतो. उत्तरेचा गार वारा, रात्रीत तापमान खाली, सकाळी निळंशार स्वच्छ आकाश. फोटोला सुंदर दिवस, गळाला वाईट. माद्या पळून जात नाहीत. त्या जवळच्याच खोल पाण्याच्या कडेला सरकतात किंवा बुडालेल्या झाडाच्या बुंध्याला चिकटून बसतात. आदल्या दिवशी जिथे दहा फुटांवरून धावून येत होत्या, तिथे आता आमिष बुंध्याला घासून न्यावं लागतं. जागा सोडू नका, वेग सोडा.

घरटं, आणि आबांचा प्रश्न

पाणी ६० (१५ ते १६) ओलांडून ६५ (१८) च्या आसपास स्थिरावलं की नर काठाला येतात. नर लहान असतो. चार किलोचा बास दिसला तर ती मादीच धरून चाला. गुडघाभर ते पुरुषभर पाण्यात, शक्यतो एखाद्या ओंडक्याच्या आडोशाला, नर शेपटीने गाळ झाडतो आणि खालची घट्ट जमीन उघडी करतो. वरून पाहिलं तर परातीएवढी फिकट चकती दिसते. मादी येते, अंडी टाकते आणि खोल पाण्याकडे परतते. राखण पूर्णपणे बापाची. अंड्यांवर गाळ बसू नये म्हणून तो शेपटीने वारा घालत राहतो, आणि ब्लूगिल नावाचे छोटे मासे चोरायला आले की त्यांच्या अंगावर धावून जातो. दोन-चार दिवसांत अंडी फुटतात. त्यानंतरही पिल्लांचा काळा ढग घेऊन तो काही आठवडे काठाकाठाने फिरतो.

सगळ्या माद्या एकदम येत नाहीत. आज या फाट्यात, पंधरवड्याने दुसऱ्या, अशा लाटा येतात आणि अंडी घालण्याचा काळ मार्च-एप्रिल असा पसरून जातो. पौर्णिमेला मोठी लाट येते अशी इथल्या मासेमारांची पक्की श्रद्धा आहे. मीही पौर्णिमेच्या आठवड्यात रजा टाकतो, पण आधी तापमापी पाहतो.

घरट्यावरचा बास पकडणं टेक्ससमध्ये कायद्याने चालतं. मी करत नाही. तो नर भुकेने गळ तोंडात घेत नाही, पिल्लांवर आलेली पीडा उचलून बाहेर टाकण्यासाठी घेतो. त्याला बोटीत घेऊन फोटो काढेपर्यंत ब्लूगिलचा थवा घरट्यावर तुटून पडलेला असतो. एकदा हे डोळ्यांनी पाहिलं. वर उचललेला नर माझ्या हातात होता आणि खाली स्वच्छ पाण्यात दहा-बारा ब्लूगिल डोकी खाली घालून अंडी टिपत होते. त्या दिवसापासून घरटं दिसलं की मी बोट मागे घेतो आणि फाट्याच्या तोंडाशी, आठ-दहा फुटांवर, येणाऱ्या-जाणाऱ्या माद्या शोधतो.

तीन वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये अशीच एक मादी लागली, बावीस इंचांची. व्हिडिओ कॉलवर भिगवणला आबा होते. मासा पाहून त्यांचा चेहरा उजळला आणि मी तो पाण्यात सोडताच पडला.

“आरं, एवढा मासा सोडून दिलास व्हय?”

“आबा, ह्यो मापाचा मासा हितं न्यायाला बंदी हाय. सोडावाच लागतो.”

“मोठा सोडायचा आन् बारका न्यायचा? उलटंच दिसतंय की तुमच्याकडं.”

उलटं आहे खरं, आणि लेक फोर्क आज जे आहे त्यात या उलट नियमाचा मोठा वाटा आहे. इथे १६ ते २४ इंचांच्या मधला बास ठेवता येत नाही, लगेच सोडावा लागतो. १६ पेक्षा लहान नेता येतो. दिवसाला एकूण पाच, त्यात २४ इंच किंवा त्याहून मोठा फक्त एक. या मधल्या मापाच्या माद्याच तलावाचं बियाणं आहेत. मोठ्या मादीच्या पोटात अंडी कितीतरी जास्त असतात, आणि तीच पुढे विक्रमी वजनाला पोचते. लहान मासे मात्र भरपूर असतात. ते थोडे काढले नाहीत तर एकाच ताटात गर्दी होते आणि कोणीच नीट वाढत नाही. शेतात विरळणी करतो तसंच. आबांना विरळणी म्हटल्यावर लगेच पटलं.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे: लेक फोर्कचा चौदा-पंधरा इंची बास खुशाल घरी न्या. मांस पांढरं, सौम्य, काटे कमी. हळद-मीठ-लाल तिखट लावून, रव्यात घोळवून तव्यावर कुरकुरीत तळला की डॅलसच्या स्वयंपाकघरात भिगवणचा वास येतो. सगळेच मासे सोडून देणं पुण्याचं वाटतं, पण नियमाची अर्धी बाजू तशीच राहते.

आणि जो सोडायचा तो नीट सोडा. चार किलोचा मासा खालच्या जबड्याला धरून उभा लटकवला तर सगळं वजन जबड्याच्या सांध्यावर येतं. पहिल्या वर्षी मी असाच एक फोटोसाठी मिनिटभर धरून ठेवला होता, आणि सोडल्यावर तो बराच वेळ बोटीच्या कडेला कलंडून पडला होता. आता हात आधी ओला करतो, दुसरा हात पोटाखाली देतो, मासा आडवा धरतो. कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघून जातो आणि तिथून रोग शिरतो.

तेरा पौंडांच्या, म्हणजे जवळजवळ सहा किलोंच्या वरची मादी जानेवारी ते मार्चमध्ये लागली, तर राज्याचं खातं ती उसनी घेतं. या योजनेचं नाव शेअरलंकर. अथेन्स नावाच्या गावात त्यांचं मत्स्यबीज केंद्र आहे. तिथे अशा माद्यांची पिल्लं वाढवून टेक्ससच्या तलावांत सोडतात. योजना १९८६ पासून चालू आहे आणि या यादीत लेक फोर्कच्या माद्या सर्वांत जास्त आहेत.

उन्हाळा: बुडालेला रस्ता

मेच्या सुरुवातीला पहाटे काठावर बगळे ओळीने उभे दिसले तर थांबा. शॅडचीही अंडी घालायची वेळ तीच. ते उजाडताना अगदी काठाशी, गवताला आणि दगडांना घासत पळतात. बास त्यांच्या मागे असतो. हा खेळ ऊन वर येईपर्यंतच.

जूनपासून पाण्याचे थर बसतात आणि वरचं पाणी ८५ (२९) च्या पुढे जातं. आता बासचे दोन गट पडतात. काही काठालाच, धक्क्याच्या सावलीत किंवा गवताच्या छपराखाली राहतात. पहाटे गवतावरून ओढलेला रबरी बेडूक त्यांच्यासाठी. बाकीचे सोंडांवर, पाण्याखालच्या टेकाडांवर आणि रस्त्यांवर, पंधरा ते वीस फुटांवर थवे करून राहतात. मला हा दुसरा गट जास्त आवडतो, कारण इथे मासा दिसत नाही, काठ दिसत नाही, काहीच दिसत नाही. हाताने पाहावं लागतं.

त्यासाठीची मांडणी अशी. दोऱ्यात आधी गोळीच्या आकाराचं शिसं ओवायचं, मग गळ बांधायचा. प्लॅस्टिकच्या गांडुळाचं डोकं गळात घालून वर घ्यायचं आणि गळाचं टोक पुन्हा गांडुळाच्या अंगातच खुपसून लपवायचं. टोक उघडं नसल्याने ते झाडाच्या फांदीत अडकत नाही. मासा चावला आणि काठीला झटका दिला की टोक प्लॅस्टिक फाडून बाहेर येतं. याला टेक्सस रिग म्हणतात आणि बुडालेल्या झाडांच्या तलावात याच्यासारखं दुसरं नाही. उघड्या मोठ्या जागेवर मी कॅरोलिना रिग वापरतो. त्यात जड शिसं पुढे आणि गांडूळ दोन-तीन फूट मागे, तळाच्या जरा वर तरंगत येतं.

आता फेकायचं आणि तळाला पोचू द्यायचं. ओढायला लागलं की पहिल्यांदा हाताला काहीच कळत नाही, नुसता गाळ. शिसं लोण्यातून सरकल्यासारखं येतं. मग एकदम टक्, टक्, टक्. ही जुन्या रस्त्याची खडी. पंचेचाळीस वर्षांमागे कोणी या रस्त्याने बाजाराला जात असेल. दहा-बारा फूट खडी वाजते, मग कडेचा चर येतो, शिसं अलगद खाली पडतं आणि दोरा सैल होतो. बास बहुतेक वेळा त्या चराच्या काठावर असतो. चावा जोरात येत नाही. हातातलं वजन नाहीसं होतं, किंवा सैल दोरा न ओढता डावीकडे चालू लागतो. तेव्हा दोऱ्याकडे नजर हवी. दोरा चालला की सैल गुंडाळा आणि झटका द्या. एक मासा लागला तर जागा सोडू नका. त्या एवढ्याशा जागेवर वीस मासे असू शकतात आणि पन्नास फूट पुढे एकही नसतो.

उन्हाळ्यात पकडलेला मासा बोटीतल्या पाण्याच्या टाकीत ठेवू नका. गरम पाण्यात प्राणवायू मुळातच कमी मावतो, आणि झुंजीने दमलेल्या माशाला तो जास्त लागतो. जो न्यायचा तो लगेच बर्फावर, जो सोडायचा तो लगेच पाण्यात.

बादली ढवळली जाते

सप्टेंबरअखेर रात्री गार होऊ लागतात. वरचं पाणी थंड होऊन जड होतं आणि खालच्या पाण्याशी त्याचा फरक मिटत जातो. मग एखाद्या जोराच्या वाऱ्यासरशी सगळा तलाव ढवळून निघतो. याला टर्नओव्हर म्हणतात. तळाचं कुजकं पाणी वर येतं, रंग गढूळ होतो, कधी सडक्या अंड्यांसारखा वास येतो आणि काही दिवस मासे कुठेच धड लागत नाहीत. अशा दिवसांत मुख्य पाणी सोडून उथळ फाट्यांच्या टोकाला जा. तिथे मुळात थरच बसलेले नसतात, त्यामुळे बिघडायला काही नसतं. ढवळून झालं की तळापर्यंत प्राणवायू पोचतो आणि मासा कुठेही जाऊ शकतो. शोधायला हा अवघड काळ, कारण अख्खं घर उघडं झालेलं असतं.

तेव्हा तिसरी गोष्ट कामाला येते. शॅड ऑक्टोबरमध्ये ओढ्यांच्या फाट्यांत आत-आत सरकतात आणि बास त्यांच्या मागे. पाण्यावर पाऊस पडल्यासारखी थरथर दिसली, मध्येच फटकारा बसला, की तो शॅडचा थवा आणि त्याखाली बास. पाण्यावर झेपावणारा पक्षी बोटीवरच्या कुठल्याही यंत्राआधी सांगतो. नोव्हेंबरात पांढरे पेलिकन उतरतात. भिगवणला फ्लेमिंगो यायचे दिवसही हेच, त्यामुळे त्या सकाळी माझं मन दोन पाण्यांवर असतं.

जाणार असाल तर दोन-तीन गोष्टी. सतरा आणि त्यावरच्या वयाच्या जवळजवळ प्रत्येकाला परवाना लागतो. भारतातून आलेल्या आई-बाबांच्या हातात काठी देणार असाल तर त्यांनाही. बाहेरच्यांसाठी एका दिवसाचाही मिळतो. नियम बदलतात, म्हणून जायच्या आठवड्यात राज्याच्या खात्याचं पान पाहून घ्या. बोट असेल तर खुणा केलेल्या मार्गाबाहेर अगदी हळू चालवा. ती बुडालेली झाडं माशांसाठी घर आहेत, पण पाण्याखाली वीतभरावर असलेलं खोड बोटीचा तळ फोडतं. परतताना बोटीतलं सगळं पाणी काढून टाका आणि पंख्याला, ट्रेलरला अडकलेली वनस्पती सोडवा. साल्विनिया ही तरंगती वनस्पती एका तुकड्यावरून दुसरा तलाव झाकून टाकते. आपल्याकडे जलपर्णीने नद्यांचं काय झालं ते आपण पाहिलंच आहे.

नोव्हेंबरच्या शेवटी पहिल्या कडाक्याबरोबर बहुतेक लोक बोटी झाकून ठेवतात आणि तलाव रिकामा होतो. पाणी तेव्हा ५५ ते ६० च्या मध्ये असतं, म्हणजे मार्चमध्ये ज्या आकड्यांसाठी सगळे धावतात, तेच आकडे उतरत्या बाजूने. माद्या हिवाळ्यासाठी पोट भरत असतात. टेक्ससचा आधीचा विक्रमही अशाच दिवसांतला: २६ नोव्हेंबर १९८६ ला याच तलावावर मार्क स्टीव्हन्सन यांना १७.६७ पौंडांची, आठ किलोंची मादी लागली. तिचं नाव एथेल ठेवलं आणि शेअरलंकर योजनेतली ती पहिली मादी ठरली. यंदा थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत मी त्याच आठवड्यात जातोय. फाट्याच्या तोंडाशी, पात्राचं वळण सोंडेला घासून जातं तिथे, तापमापी ५८ दाखवेल अशी आशा आहे.